हाडे, साखर आणि मन : एकाच देहाची तीन खाती

खान्देशातील व्यापारी घरांना मधुमेह आता अपरिचित राहिलेला नाही. जळगावचा सराफ बाजार असो, दाणा बाजार असो वा धुळ्याचा आग्रा रोड, गादीशेजारच्या कप्प्यात पावतीपुस्तकाबरोबर गोळ्यांची डबीही हमखास सापडते. उपाशीपोटीची साखर, जेवणानंतरची साखर आणि तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी, या तिन्हींचे आकडे घरातील गृहिणींना तोंडपाठ असतात. डोळे, मूत्रपिंड, हृदय आणि पाय यांची काळजी घ्यावी लागते, हेही बहुतेकांना ठाऊक असते. मात्र या यादीत दोन गोष्टींची विचारपूस क्वचितच होते. एक म्हणजे हाडे, आणि दुसरे म्हणजे मन.

मधुमेह, हाडे आणि मन यांचा परस्परांशी काय संबंध, असा प्रश्न कोणालाही पडेल. गेल्या दोन दशकांतील संशोधनाने या प्रश्नाकडे नव्याने पाहावयास लावले आहे. त्यातील काही निष्कर्ष पक्के झाले आहेत, काही अद्याप वादात आहेत. कोणते कोणत्या बाजूचे, हे समजून घेतल्यास घरातील मधुमेही व्यक्तीची काळजी अधिक डोळसपणे घेता येईल.

हाडे नुसता आधार देत नाहीत

हाड म्हणजे शरीर उभे ठेवणारा निर्जीव खांब, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. वास्तविक हाड ही जिवंत पेशींची वस्ती आहे. जुने हाड विरघळविणाऱ्या पेशी आणि नवे हाड घडविणाऱ्या पेशी तेथे अखंड कार्यरत असतात. प्रौढ माणसाच्या सांगाड्यातील सुमारे दहा टक्के हाड दरवर्षी नव्याने बांधले जाते.

हाड घडविणाऱ्या पेशी ऑस्टिओकॅल्सिन नावाचे एक प्रथिन तयार करतात. त्याचा बहुतांश भाग हाडातच राहतो, तर थोडा भाग रक्तात उतरतो. अनेक वर्षे वैद्यकशास्त्राने त्याकडे हाडांच्या झीज-भरपाईचा निदर्शक एवढ्याच दृष्टीने पाहिले. न्यूयॉर्क येथील कोलंबिया विद्यापीठातील जेरार्ड कार्सेंटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून वेगळेच चित्र मांडले. ज्या उंदरांत हे प्रथिन नव्हते, त्यांच्यात इन्सुलिन कमी स्रवत होते, शरीर इन्सुलिनला नीट प्रतिसाद देत नव्हते आणि चरबी वाढत होती. याचा अर्थ असा लावण्यात आला की, हाड स्वादुपिंडाला संदेश पाठविते. असा रक्तावाटे दूरच्या अवयवाला संदेश देणारा पदार्थ म्हणजे संप्रेरक. थायरॉइडप्रमाणे हाडही एक ग्रंथी आहे, हा विचार त्यामुळे पुढे आला.

याच गटाने २०१३ मध्ये आणखी एक पाऊल टाकले. ऑस्टिओकॅल्सिन मेंदूपर्यंत पोहोचते आणि त्याच्या अभावी उंदरांमध्ये भय, नैराश्यासारखे वर्तन व स्मरणशक्तीतील उणीव दिसते, असे त्यांनी नोंदविले. त्यानंतर २०१९ मध्ये ताणासंबंधीचा प्रयोग प्रसिद्ध झाला. अचानक संकट उभे राहिले की छाती धडधडते, श्वास जलद होतो, रक्तातील साखर वाढते. हे सारे मूत्रपिंडावरील अधिवृक्क ग्रंथींतून निघणाऱ्या ॲड्रिनलिनमुळे घडते, असे आजवर शिकविले जात होते. या प्रयोगात मात्र भयाच्या क्षणी काही मिनिटांतच रक्तातील ऑस्टिओकॅल्सिन वाढलेले आढळले, आणि अधिवृक्क ग्रंथी कार्यरत नसलेल्या उंदरांतही शरीराची ती सज्जता दिसून आली. लोकांसमोर भाषण देण्याच्या ताणाखाली ठेवलेल्या माणसांच्या रक्तातही ऑस्टिओकॅल्सिन वाढल्याचे दिसले.

उत्साहाला आवर घालणारी बाजू

येथवर वाचून एखाद्याला वाटेल की, नैराश्याचे आणि मधुमेहाचे मूळ सापडले. आता ऑस्टिओकॅल्सिनची गोळी घेतली की काम झाले. परंतु शास्त्राचा हिशेब एवढ्या लवकर मिटत नाही. २०२० मध्ये अमेरिका व जपान येथील दोन स्वतंत्र गटांनी ऑस्टिओकॅल्सिन नसलेले उंदीर नव्याने तयार केले. त्यांच्यात रक्तशर्करेचा बिघाड दिसलाच नाही. पहिल्या प्रयोगांचे निष्कर्ष आणि या प्रयोगांचे निष्कर्ष यांचा मेळ अजून पूर्णपणे लागलेला नाही.

माणसांच्या बाबतीत एवढे म्हणता येते की, दुसऱ्या प्रकारचा मधुमेह असलेल्या व्यक्तींच्या रक्तात ऑस्टिओकॅल्सिनचे प्रमाण मधुमेह नसलेल्यांपेक्षा कमी असल्याचे अनेक पाहण्यांत आढळले आहे. परंतु दोन गोष्टी एकत्र आढळल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही. पावसाळ्यात छत्र्यांची विक्री वाढते. म्हणून छत्र्यांमुळे पाऊस पडतो, असे कोणी म्हणत नाही. नैराश्य किंवा मधुमेह यांवर उपचार म्हणून ऑस्टिओकॅल्सिनचे कोणतेही मान्यताप्राप्त औषध आज उपलब्ध नाही. त्या नावाने कोणी महागडी चाचणी वा पूरक पावडर विकत असेल, तर ती घेण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना जरूर विचारावे.

मग या संशोधनाचा सामान्य माणसाला उपयोग कोणता? हाड, साखर आणि मन ही शरीरातील परस्परांशी न बोलणारी तीन दालने नाहीत, या समजुतीला त्यामुळे बळ मिळते. आणि ही समजूत केवळ ऑस्टिओकॅल्सिनवर अवलंबून नाही. तिच्या बाजूने इतर पुरावा भक्कम आहे.

तिघांचे परस्परसंबंध

प्रथम साखर आणि हाडे यांचा विचार करू. मधुमेही व्यक्तीचे हाड मोडण्याचा धोका इतरांपेक्षा अधिक असतो. यातील गोम अशी की, दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा तपासणीत आकडा बरेचदा चांगला येतो, तरीही हाड ठिसूळ असू शकते. दीर्घकाळ वाढलेली साखर हाडातील कोलॅजन या प्रथिनाला चिकटून त्याची लवचिकता घटविते. शिवाय पायांतील बधिरपणा, मंदावलेली दृष्टी आणि रात्री अचानक घसरणारी साखर यांमुळे पडण्याची शक्यता वाढते. पायोग्लिटाझोन या मधुमेहावरील औषधाने, विशेषतः स्त्रियांमध्ये, हाडे मोडण्याचा धोका वाढतो, हेही सिद्ध झालेले आहे. ही गोळी चालू असलेल्या भगिनींनी ती स्वतःहून बंद करू नये. पुढील भेटीत डॉक्टरांशी तेवढी एक गोष्ट बोलून घ्यावी.

आता मन आणि साखर. सतराव्या शतकातील इंग्रज वैद्य थॉमस विलिस यांनी दीर्घकाळच्या दुःखाचा मधुमेहाशी संबंध असल्याचे लिहून ठेवले होते. आधुनिक अभ्यासांनी हा संबंध दोन्ही दिशांचा असल्याचे दाखविले. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अनेक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणानुसार नैराश्य असलेल्या व्यक्तींना पुढे दुसऱ्या प्रकारचा मधुमेह होण्याचा धोका सुमारे ६० टक्क्यांनी अधिक असतो. तर मधुमेह असलेल्यांना पुढे नैराश्य येण्याचा धोका सुमारे १५ टक्क्यांनी अधिक असतो. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या सहकार्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीने भारतातील मधुमेहींची संख्या सुमारे १० कोटी १० लाख असल्याचे सांगितले. या संख्येकडे पाहिले म्हणजे मनाचा प्रश्न किती घरांचा आहे, याची कल्पना येते.

याची यंत्रणा समजण्यास कठीण नाही. चिंता दीर्घकाळ चालू राहिली की शरीरात कॉर्टिसॉल हे संप्रेरक चढे राहते. त्याच्या प्रभावाखाली यकृत साखर रक्तात सोडत राहते आणि इन्सुलिनचा परिणाम कमी होतो. तेच कॉर्टिसॉल हाड घडविणाऱ्या पेशींचे काम मंदावते. दुसरीकडे, उदास मनाचा माणूस चालण्यास बाहेर पडत नाही, जेवणाची वेळ पाळत नाही, गोळी विसरतो, अर्ध्या रात्री जागा होतो. साखर वाढते, वाढलेल्या साखरेने थकवा येतो, थकव्याने मन आणखी खचते. जेरुसलेम येथील संशोधकांनी २००६ मध्ये उंदरांवर दाखविले की, दीर्घ ताणातून आलेली नैराश्यसदृश अवस्था मज्जासंस्थेमार्फत हाडांची झीज घडवून आणते. अशा रीतीने एका खात्यातील तूट दुसऱ्या खात्यात वळती होत जाते.

येथे आणखी एक भेद लक्षात घेणे आवश्यक आहे. रोजची बंधने, टोचून घेणे, आकड्यांची धास्ती आणि घरच्यांची बोलणी यांनी अनेक मधुमेही अक्षरशः वैतागलेले असतात. वैद्यकात याला मधुमेहजन्य मनस्ताप म्हणतात. तो नैराश्याचा आजार नव्हे. उपचाराचे ओझे हलके केले, घरच्यांचा सूर बदलला, की तो बरेचदा कमी होतो. नैराश्याचा आजार याहून खोल असतो आणि त्याला स्वतंत्र उपचार लागतो.

बाजारपेठेत न बोलले जाणारे दुखणे

व्यापारी समाजात या विषयाला एक वेगळीच धार आहे. व्यापार पतीवर चालतो. उधारी, हुंडी, परस्परांचा शब्द या साऱ्यांच्या मुळाशी माणूस खंबीर आहे, हा विश्वास असतो. त्यामुळे 'शेठजींना साखर आहे' हे मोकळेपणाने सांगितले जाते. पण 'शेठजींचे मन खचले आहे' हे उंबऱ्याबाहेर जाऊ दिले जात नाही. पेढीचे नाव खाली जाईल, देणेकरी तगादा लावतील, मुलामुलींच्या सोयरिकीत अडचण येईल, अशा अनेक भयांनी तोंड बंद राहते.

समजा, एखाद्या डाळ मिलच्या साठ वर्षांच्या मालकांची साखर दहा वर्षे काबूत होती. एका वर्षी बाजारभाव उलटा फिरला, मोठी उधारी अडकली, त्याच सुमारास मुलगा व्यवसाय सोडून पुण्यास नोकरीसाठी गेला. त्यानंतर साखर वाढू लागली. डॉक्टरांनी गोळी वाढविली, मग आणखी एक जोडली. घरच्यांनी ताटातील भात आणि गोड बंद केले. साखर तरी खाली येईना. या साऱ्या काळात ते पहाटे तीनला जागे होत होते. दुकानात बसून वहीचे तेच पान पुन्हा पुन्हा पाहत होते. नातवंडांचा आवाजही त्यांना नकोसा झाला होता. हे मात्र त्यांना कोणी विचारले नाही, आणि त्यांनीही सांगितले नाही. असा प्रसंग कोणत्याही गावात, कोणत्याही घरात घडू शकतो.

स्त्रियांच्या बाबतीत हे दुखणे आणखी आत दडते. सासूबाईंचे गुडघे, सुनेचा थकवा, नणंदेची चिडचिड अशा नावांनी ते वावरते. पाळी थांबल्यानंतरच्या वयात हाडांची झीज वेगाने होत असते, आणि त्याच वर्षांत मुलींची लग्ने व घरातील रितेपण यांचाही भार येतो. मधुमेह असलेल्या अशा भगिनीच्या अंगदुखीमागे हाडांची उणीव आहे, की मनाची, की दोन्हींची, हे तपासल्यावाचून कळत नाही.

गोळ्या नियमित, पथ्य सांभाळलेले आणि तरीही साखर काही महिने आवरत नसेल, तर औषध वाढविण्याबरोबरच मनाची विचारपूस व्हावयास हवी, एवढे प्रत्येक घराने ध्यानात ठेवावे.

शाकाहारी घरांसाठी दोन विशेष बाबी

पहिली बाब बी-१२ या जीवनसत्त्वाची. ते प्रामुख्याने प्राणिजन्य पदार्थांत असते. शाकाहारी घरात दूध, दही, ताक आणि पनीर हेच त्याचे मुख्य मार्ग. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी भारतीय मधुमेहावर अनेक दशके संशोधन केले आहे. त्यांच्या गटाने २००६ मध्ये पुणे परिसरातील ४४१ मध्यमवयीन पुरुषांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश पुरुषांत बी-१२ कमी आढळले.

यात मधुमेहींसाठी एक जादा अडचण आहे. मेटफॉर्मिन ही मधुमेहातील सर्वाधिक दिली जाणारी गोळी दीर्घकाळ घेतल्यास बी-१२ चे शोषण घटते. म्हणजे आहारातून आवक कमी आणि औषधामुळे गळती, अशी दुहेरी तूट होते. बी-१२ कमी झाल्यास तळपायांत मुंग्या येतात, तोल जातो, विसराळूपणा वाढतो आणि मन उदास राहते. मुंग्यांचे खापर साखरेवर फुटते, उदासीचे वयावर. आणि खरे कारण तसेच राहते. मेटफॉर्मिन अनेक वर्षे चालू असलेल्या शाकाहारी व्यक्तीने बी-१२ ची रक्ततपासणी ठरावीक काळाने करून घ्यावी. उणीव निघाल्यास ती गोळीने वा इंजेक्शनने भरून काढता येते. मेटफॉर्मिन मात्र स्वतःहून थांबवू नये.

दुसरी बाब हाडांच्या पोषणाची. तिथी आणि चातुर्मास पाळणाऱ्या घरांत हिरव्या पालेभाज्या अनेक दिवस वर्ज्य असतात. त्या काळात कॅल्शियमसाठी दूध, दही, नाचणी आणि तीळ यांवर भर द्यावा लागतो. खान्देशात ऊन मुबलक. तरीही सकाळपासून रात्रीपर्यंत दुकानाच्या छताखाली बसणाऱ्या माणसाला त्याचा लाभ होत नाही, आणि एप्रिल-मेच्या दाहात कोणी उन्हात थांबूही शकत नाही. म्हणून ड जीवनसत्त्वाची पातळी तपासून घेणे इष्ट. साठ हजार एककांची पुडी दुकानातून आणून महिनोन्‌महिने घेत राहणे मात्र धोक्याचे आहे. त्याच्या अतिरेकाने रक्तातील कॅल्शियम वाढून मूत्रपिंडांवर परिणाम होतो.

चौविहार, तप आणि औषधाची वेळ

सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपण्याची परंपरा साखरेच्या दृष्टीने बहुतांशी हितकर आहे. तथापि काही औषधे चालू असताना तिच्याकडे नीट लक्ष द्यावे लागते. डिसेंबरात जळगाव-धुळ्याकडे सूर्य सहाच्या आधीच मावळतो. चौविहार करून दुसऱ्या दिवशी नवकारशी पाळणाऱ्याच्या दोन आहारांत सुमारे चौदा तासांचे अंतर पडते. ग्लिमेपिराइड किंवा ग्लिक्लाझाइड या जातीच्या गोळ्या अथवा इन्सुलिन घेणाऱ्यांची साखर या काळात फार खाली जाऊ शकते. घाम फुटणे, हात थरथरणे, छातीत धडधडणे, विनाकारण चिडचिड आणि भीती वाटणे ही त्याची लक्षणे. ती चिंतेच्या झटक्यासारखीच दिसतात. त्यामुळे पहाटे घाबरून उठणाऱ्या मधुमेही व्यक्तीची आधी साखर मोजावी. ती ७० पेक्षा कमी असल्यास सुमारे १५ ग्रॅम साखर किंवा ग्लुकोज देऊन पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावी.

एकासणे, आयंबिल, उपवास वा अठ्ठाई यांचा संकल्प असलेल्या मधुमेही व्यक्तीने किमान काही दिवस आधी डॉक्टरांना भेटून गोळ्यांची मात्रा व वेळ ठरवून घ्यावी. डॅपाग्लिफ्लोझिन आणि एम्पाग्लिफ्लोझिन या औषधांबाबत तर हे अत्यावश्यक आहे. दीर्घ उपवासात त्यांच्यामुळे रक्तातील आम्लता धोकादायक पातळीवर जाऊ शकते. पच्चक्खाणात आगारांची तरतूद पूर्वापार आहे. प्रकृतीच्या कारणाने काय सवलत घेता येईल, हे महाराज साहेबांना आधीच विचारून घेतले, तर ऐन वेळी मनाची घालमेल होत नाही. तप मनाला प्रसन्नता देते. परंतु ज्याचे मन आधीच खचलेले आहे, भूक हरपली आहे, त्याचे न जेवणे हे तप आहे की आजाराचे लक्षण, हे घरच्यांनी हळुवारपणे पाहावे.

उपाय आहेत, आणि ते लागू पडतात

मधुमेह आणि नैराश्य यांवर एकत्र उपचार केल्यास काय होते, याचा मोठा अभ्यास भारतातच झाला आहे. चेन्नई, बंगळूरु, विशाखापट्टणम आणि दिल्ली येथील चार मधुमेह केंद्रांतील ४०४ रुग्ण त्यात सहभागी होते. त्याचे निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. एका गटाला नेहमीचे उपचार मिळाले. दुसऱ्या गटासाठी एक प्रशिक्षित समन्वयक नेमला होता. तो रुग्णाशी नियमित बोलत असे, मनाची व साखरेची दोन्ही नोंद ठेवत असे, आणि तज्ज्ञ डॉक्टर त्या नोंदी एकत्र पाहून उपचार बदलत असत. दोन वर्षांनंतर या दुसऱ्या गटातील अधिक रुग्णांचे नैराश्य कमी झाले आणि त्याबरोबरच साखर, रक्तदाब वा कोलेस्टेरॉल यांपैकी किमान एक सुधारले.

गोव्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रांत झालेला दुसरा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. डॉ. विक्रम पटेल आणि गोव्याच्या 'संगाथ' संस्थेने स्थानिक, सामान्य माणसांना समुपदेशनाचे प्रशिक्षण दिले. तीव्र नैराश्य असलेल्या ४९५ व्यक्तींच्या या अभ्यासात सहा ते आठ भेटींचे साधे समुपदेशन मिळालेल्यांना नेहमीच्या उपचारांपेक्षा अधिक आराम पडला. पद्धत सोपी होती. मन लागण्याची वाट न पाहता, त्या माणसाला पूर्वी अर्थपूर्ण वाटणारे एक छोटे काम रोज ठरवून करावयाचे. मन आधी आणि कृती नंतर, हा आपला नेहमीचा क्रम तेथे उलटा केला जातो.

चालणे हा या तिन्ही खात्यांना एकदम जमा होणारा व्यवहार आहे. भरभर चालण्याने साखर उतरते, भार पेलल्याने हाडे बळकट होतात आणि सौम्य नैराश्यही कमी होते. आठवड्याला एकूण दीडशे मिनिटे पुरेशी आहेत. जळगावकरांना मेहरूण तलाव आणि धुळेकरांना पांझरेचा काठ आहेच. उन्हाळ्यात मात्र सूर्य वर येण्यापूर्वी फेरी आटोपावी. आठवड्यातून दोनदा स्नायूंना ताण देणारे हलके व्यायामही करावेत. सामायिकाची अठ्ठेचाळीस मिनिटांची शांत बैठक मनाला विसावा देते, यात शंका नाही. आजार गंभीर असल्यास मात्र ती औषधाची जागा घेऊ शकत नाही.

दोन प्रश्न

नैराश्याची प्राथमिक चाचपणी करण्यासाठी डॉक्टर जगभर दोन प्रश्न विचारतात. गेल्या दोन आठवड्यांत कामात किंवा आवडीच्या गोष्टीत रस वाटेनासा झाला आहे का? गेल्या दोन आठवड्यांत उदास, खिन्न किंवा निराश वाटले आहे का? यांपैकी एकाचेही उत्तर 'निम्म्याहून अधिक दिवस' असे असेल, तर पुढील तपासणी करून घ्यावी. हे प्रश्न घरातही विचारता येतात. मात्र चौकशीच्या सुरात नव्हे. नातवाने वा पुतण्याने जवळ बसून, "काका, हल्ली दुकानात मन लागत नाही का?" एवढे विचारले आणि उत्तराची वाट पाहिली, तरी पुष्कळ होते. 'एवढे काय झाले', 'धीर धरा', 'देवाने सर्व दिले आहे' ही वाक्ये प्रेमाने उच्चारलेली असली, तरी ती समोरच्याचे बोलणे बंद करतात.

उपचारासाठी दूर जाण्याची आवश्यकता नाही. धुळ्याला श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, जळगावलाही २०१८ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. दोन्ही शहरांत खासगी मानसोपचारतज्ज्ञही आहेत. नाव उघड होण्याचे भय वाटत असेल, तर केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा विनामूल्य क्रमांक अहोरात्र उपलब्ध असून तेथे मराठीतही बोलता येते. कोणी 'आता जगण्यात अर्थ नाही' अशा आशयाचे बोलू लागले, वस्तूंची निरवानिरव करू लागले, तर त्या व्यक्तीस एकटे न सोडता त्याच दिवशी मदत मिळवावी. मधुमेहीच्या घरात इन्सुलिन आणि गोळ्यांचा साठा असतो. अशा वेळी तो घरच्यांनी आपल्या ताब्यात ठेवावा.

खर्चाचाही प्रश्न काही घरांत येतो. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ नुसार विमा कंपन्यांनी मानसिक आजारांना शारीरिक आजारांच्याच बरोबरीने संरक्षण देणे बंधनकारक आहे. आपल्या पॉलिसीतील अटी एकदा या दृष्टीने वाचून घ्याव्यात.

मधुमेहाच्या पुढील तपासणीस जाताना नेहमीच्या अहवालांबरोबर एका कागदावर चार ओळी लिहून न्याव्यात : झोप कशी आहे, गेल्या वर्षभरात कोठे पडणे झाले का, बी-१२ आणि ड जीवनसत्त्वाची तपासणी शेवटची केव्हा झाली, आणि वरील दोन प्रश्नांची उत्तरे काय आली. डॉक्टरांकडे वेळ थोडा असतो. लिहून नेलेला कागद समोर ठेवला, की जे तोंडाने सांगणे अवघड जाते, तेही वाचले जाते.